रुमालातला ठोकळा

देवगिरी एक्सप्रेसमध्ये काकांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. शर्टाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू होती आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांचा हात तिथं जात होता. पैसे माझ्याकडे होते. त्यांच्याकडे होता प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा एक चपटा ठोकळा, काड्यापेटीहून लहान. त्या मेणात माझ्या मावसभावाच्या मानेतल्या गाठीचा तुकडा होता.

"एवढंसं हाय हे. ह्याच्यात त्यायला काय दिसनार?" मनमाड गेल्यावर काकांनी विचारलं. मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

मावसभाऊ बावीस वर्षांचा. घर भोकरदन तालुक्यातलं. मानेवर, कॉलरच्या थोडी वर, गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण, रात्री घामानं उशी ओली, वजन उतरलेलं. आपल्याकडे ही लक्षणं ऐकली की डॉक्टरच्या आधी शेजारीपाजारीच सांगतात, टीबी. डॉक्टरांनीही टीबीच्याच गोळ्या चालू केल्या. मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या भागात मानेतली गाठ म्हटल्यावर आधी टीबीचाच विचार येतो आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. पण दोन महिन्यांनी गाठीच्या शेजारी दुसरी गाठ आली. मग संभाजीनगर, मग गाठ काढून तपासणी, मग रिपोर्ट. त्यात शेवटी लिहिलं होतं की लिम्फोमा असावा, आयएचसी करून घ्या. कुणीतरी म्हणालं, ब्लॉक आणि स्लाइड घेऊन टाटाला जा. ब्लॉक म्हणजे हा मेणाचा ठोकळा.

परळहून जो रिपोर्ट आला तो पीडीएफ होता आणि त्यात वाक्यं कमी, आकडे जास्त. सीडी३० पॉझिटिव्ह. सीडी१५ पॉझिटिव्ह. सीडी२० निगेटिव्ह. सीडी३ निगेटिव्ह. पॅक्स५ फिकट पॉझिटिव्ह. घरच्या ग्रुपवर तो फिरला आणि सगळ्यांनी मला विचारलं, कारण मी शहरात राहतो. मी एकेक आकडा फोनवर शोधत बसलो. औषधांपेक्षा गोष्टीच जास्त सापडल्या. त्या इथं सांगतो.

*

टीबी की आणखी काही, हा घोळ भोकरदनमध्ये पहिल्यांदा झालेला नाही. मोठमोठ्यांचा झालेला आहे.

१८३२ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिननं सात रुग्णांची हकिगत मांडली. त्यांच्या लसिकाग्रंथी, म्हणजे मान, काख, जांघ इथल्या त्या छोट्या गाठी, आणि प्लीहा भलतीच वाढलेली होती. हॉजकिननं या कामात सूक्ष्मदर्शक वापरला नव्हता. मृतदेह उघडून नुसत्या डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. पुढे या आजाराला त्याचं नाव मिळालं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९२६ साली, फॉक्स नावाच्या डॉक्टरनं गायजमध्ये जपून ठेवलेले त्या वेळचे काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आजार खरोखर त्यात होता, पण सातही जणांना तोच होता असं काही नाही. ज्याच्या नावाचा आजार, त्यालाही तो दर वेळी ओळखता आला नव्हता.

१८९८ साली व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्गनं या गाठींमधल्या एका अवाढव्य पेशीचं वर्णन केलं. दोन केंद्रकं, प्रत्येकात ठसठशीत ठिपका. घुबड आपल्याकडे बघतंय असं वाटावं. पण त्याचा निष्कर्ष काय, तर हा टीबीचाच एक वेगळा प्रकार आहे. त्याच्या पुष्कळ रुग्णांना टीबीही होता, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. चार वर्षांनी, १९०२ साली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये तिशीच्या आतल्या डोरोथी रीडनं त्याच पेशीचं बारकाईनं वर्णन केलं आणि ठणकावून सांगितलं की हा टीबी नव्हे. ती बरोबर होती. बाई म्हणून आपल्याला इथं वर जाता येणार नाही हे लक्षात आल्यावर तिनं हॉपकिन्स सोडलं. आज ती पेशी 'रीड-स्टर्नबर्ग' म्हणून ओळखली जाते. बरोबर असलेल्या रीडचं नाव आधी येतं, एवढा तरी न्याय झाला.

पेशी सापडली, तरी अडचण संपली नाही. गाठीत ही घुबडी पेशी शंभरात एखाद-दुसरी. बाकी सगळी गर्दी साध्या पेशींची. शिवाय तशाच मोठ्या दिसणाऱ्या पेशी इतर आजारांतही कधीकधी असतात. आणि ही पेशी मुळात कुणाची कोण, कोणत्या पेशीची बिघडून अशी झाली, हे तर ऐंशी-नव्वद वर्षं कुणालाच ठरवता आलं नाही.

इथं पैठणची नाथषष्ठी डोळ्यांपुढे आणा. वाळवंटात हजारो वारकरी. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, कपाळी बुक्का. पुलावरून बघणाऱ्याला सगळे सारखे. कोण कुठल्या गावचा हे कपड्यांवरून, चालीवरून सांगता येत नाही. दिंडीची पताका आणि फलक दिसला तरच कळतं. रक्तातल्या आणि लसिकाग्रंथीतल्या पांढऱ्या पेशींचं असंच आहे. बी पेशी आणि टी पेशी कामानं संपूर्ण वेगळ्या, पण सूक्ष्मदर्शकातून दोन्ही म्हणजे एकसारखे गोल ठिपके. त्यांच्या अंगावर पताका असतात, प्रथिनांच्या. त्या दिसायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

*

प्रथिनावरून कॅन्सर ओळखण्याची पहिली गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे आणि ती सुरू होते एका वाण्याच्या लघवीपासून.

१८४५. लंडनमधला किराणा व्यापारी थॉमस मॅकबीन, वय पंचेचाळीसच्या आसपास. हाडं इतकी दुखत की अंथरुणात कूस बदलणं कठीण. डॉक्टर विल्यम मॅकिंटायरनी त्याची लघवी तापवून पाहिली. तापवल्यावर साका धरला. त्यात नवल नव्हतं, प्रथिन असलं की असं होतं. अंड्याचं पांढरं तापवून बघा. पण आणखी उकळल्यावर तो साका विरघळून गेला. आणि थंड होताना पुन्हा धरला. असं कुणी पाहिलेलं नव्हतं. मॅकबीनवर उपचार करणाऱ्यांनी नमुना नोव्हेंबर महिन्यात हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या रसायनतज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवला. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन गेला. शवविच्छेदनात हाडं मऊ, ठिसूळ झालेली आढळली.

त्या आजाराला आपण आज मायलोमा म्हणतो, अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. आणि ते चमत्कारिक प्रथिन 'बेन्स जोन्स प्रथिन' झालं. उकळून पहिल्यांदा पाहणाऱ्या मॅकिंटायरचं नाव मागे पडलं. ते प्रथिन म्हणजे नेमकं काय, हे कळायला १९६२ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं की तो प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, एक तुकडा आहे. प्लाझ्मा पेशींचं कामच अँटिबॉडी बनवणं. त्यातली एक पेशी बिघडते, तिचीच पिलावळ माजते आणि सगळी मिळून एकाच साच्याचा माल रात्रंदिवस काढत राहतात. एकाच पेशीची संतती आणि एकाच साच्याचा माल, हे लक्षात ठेवा. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

१८४५ हे साल रक्ताच्या कॅन्सरसाठी विलक्षणच म्हणायचं. त्याच वर्षी एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये चोवीस वर्षांचा रुडॉल्फ फिरको यांनी वेगवेगळं लिहिलं की काही रुग्णांचं रक्त पांढऱ्या पेशींनी भरून गेलेलं असतं. फिरकोनं त्याला दोन वर्षांनी नाव दिलं, ल्युकेमिया. ग्रीक भाषेत अर्थ सरळ आहे: पांढरं रक्त. पेशी मोजता येत होत्या, पाहता येत होत्या. कोणत्या जातीच्या, हे मात्र विचारू नका.

*

आता परळला येऊ, कारण काका तो ठोकळा घेऊन तिथं गेले.

ते रुग्णालय ल्युकेमियामुळेच उभं राहिलं, हे मला माहीत नव्हतं. मेहेरबाई टाटा, जमशेटजींच्या सूनबाई, साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा जिंकणाऱ्या, बालविवाहाविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या बाई. १९३१ साली वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये ल्युकेमियानं त्या गेल्या. जगातले पैसे खर्चायची तयारी असली तरी तेव्हा हातात होतं क्ष-किरण आणि सोमलयुक्त औषध. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावानं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, जगभर ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना पैसे देण्यासाठी. तो आजही चालू आहे. मग ते पत्नीच्या समाधीकडे जायला युरोपात गेले आणि वाटेत जर्मनीतच वारले. त्यांनी ठेवलेल्या संपत्तीतून, सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा मेहेरबाईंचे भाचे. आत्याच्या आजाराचं रुग्णालय भाच्याच्या खात्यात आलं.

तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या डॉ. वसंत खानोलकरांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते. त्यांच्या हाताखाली तयार झाल्या कमल रणदिवे, पुण्याच्या हुजूरपागेतून आणि फर्ग्युसनमधून शिकलेल्या. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडल्यावर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसलं होतं, आठवतं? त्याच या. पीएचडीनंतर त्या जॉन्स हॉपकिन्सला गेल्या, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या नळीत अखंड वाढवणं जगात पहिल्यांदा जमलं ते तिथंच. डोरोथी रीडला ज्या संस्थेतून निघावं लागलं, तिथून अर्ध्या शतकानंतर एक मराठी बाई पेशी वाढवण्याची विद्या घेऊन परळला परतली आणि तिनं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा थाटली. देशातली ती पहिली. उंदरांमधल्या ल्युकेमियावरही त्यांनी काम केलं.

याच परळमध्ये, टाटाच्या शेजारी, केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आहे. १९५२ साली तिथल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांच्या हाती काही माणसांचं असं रक्त लागलं, जे कुणाशीच जुळेना. ओ गटाच्या रक्तालाही ते बधत नव्हतं. त्यांच्या लाल पेशींवर सगळ्यांच्या पेशींवर असते ती पायाभूत खूणच नव्हती. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' तो हाच. मी हे मध्येच का सांगतोय? कारण पद्धत तीच आहे. पेशीवर खूण असते, अँटिबॉडी ती खूण बरोबर पकडते, आणि पकडलेलं आपल्याला दिसतं. रक्तगट तपासताना अँटिबॉडी टाकली की पेशींच्या गुठळ्या होतात, तेवढं पुरतं. मग पांढऱ्या पेशींच्या बाबतीत हेच का करता येत नव्हतं?

अँटिबॉडी शुद्ध मिळत नव्हती म्हणून. सशाला किंवा घोड्याला माणसाच्या पेशी टोचायच्या आणि त्याचं रक्तद्रव घ्यायचं, एवढाच मार्ग. त्यात पन्नास खुणांविरुद्धच्या पन्नास अँटिबॉडींची खिचडी. ससा मेला की माल संपला, दुसऱ्या सशाची खिचडी वेगळी. १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये मेल ग्रीव्ह्ज यांनी असं सशाचं द्रव फार कष्टानं गाळून गाळून लहान मुलांच्या ल्युकेमियावरची एक खूण पकडली. त्यावरून दिसायला सारख्या ल्युकेमियांचे वेगळे गट पडले. पण असं गाळणं प्रत्येक गावी होणार कसं?

*

उत्तर निघालं मॅकबीनच्या आजारातून.

केंब्रिजमध्ये अर्जेंटिनाहून आलेले सेझार मिलस्टाइन आणि जर्मन तरुण जॉर्जेस क्योलर उंदराच्या मायलोमा पेशींवर काम करत होते. या पेशी मरत नाहीत आणि एकाच साच्याचा माल काढतात. त्यांनी हवी ती अँटिबॉडी बनवणारी उंदराची साधी पेशी घेतली आणि मायलोमा पेशीशी जोडून टाकली. जोडपेशी अमर झाली आणि हवी तीच एक अँटिबॉडी काढत राहिली. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. १९८४ साली नोबेल. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही. ज्या सरकारी संस्थेनं ते बघायचं, तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या गाफीलपणाचे आपण सगळे ऋणी आहोत असं मला वाटतं. जगभरच्या प्रयोगशाळा कुणाला न विचारता कामाला लागल्या.

उत्तर जर्मनीतल्या कील शहरात हाराल्ड श्टाइन यांच्या गटानं हॉजकिनच्या रुग्णापासून वाढवलेल्या पेशी उंदरांना टोचल्या. १९८२ साली त्यांनी जाहीर केलं की घुबडी पेशींनाच धरणारी अँटिबॉडी मिळाली आहे. शहराच्या नावावरून तिला 'केआय-१' म्हटलं. गाठीच्या कापावर ती टाकली की साध्या पेशींच्या गर्दीत नेमक्या त्या शंभरातल्या एक-दोन पेशी रंगून उठायच्या. लिम्फोमाच्या पुष्कळ रिपोर्टांत 'केआय-६७' असतं, पेशी किती वेगानं वाढताहेत ते सांगणारं. तेही कीलचंच, ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खाचेचा क्रमांक. भोकरदनच्या पोराच्या रिपोर्टमध्ये बाल्टिक समुद्राकाठचं एक बंदर येऊन बसतं ते असं.

पण मग नवाच गोंधळ. शेकडो प्रयोगशाळा, प्रत्येकीच्या अँटिबॉडीला तिचं स्वतःचं नाव. ओकेटी४, लेऊ-३, टी४ ही तीन नावं एकाच खुणेची निघाली. एकाच वस्तूची दोन-दोन नावं म्हणजे काय तारांबळ असते, हे आपल्या शहरातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या घरच्या फाइलीतच काही कागदांवर औरंगाबाद आहे, काहींवर छत्रपती संभाजीनगर. पॅरिसमध्ये १९८२ साली सगळे एकत्र जमले. अँटिबॉडी एकमेकांना पाठवून, तपासून ज्या एकाच खुणेला धरतात त्यांची एक मोळी बांधायची आणि मोळीला क्रमांक द्यायचा असं ठरलं. मोळी म्हणजे 'क्लस्टर'. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन'. ओकेटी४ आणि मंडळी सीडी४ झाली. पुढे एचआयव्हीच्या काळात हे नाव गावोगावच्या कागदांवर पोचलं. ग्रीव्ह्जची खूण सीडी१०, कीलची केआय-१ सीडी३०. आज हे क्रमांक साडेतीनशेच्या पुढे गेले आहेत. क्रमांकात अर्थ शोधू नका. दिंडी क्रमांक २० म्हणजे त्यात वीस वारकरी असं नसतं. नोंद ज्या क्रमानं झाली तो क्रमांक. (आणि सीडी१५ ही खूण खरं तर साखरेची आहे, प्रथिनाची नव्हे. पण मोळीत बसली ती बसली.)

*

तरीही काकांच्या रुमालातला ठोकळा या सगळ्यासाठी निरुपयोगीच ठरला असता. कारण फॉर्मलिन.

गाठ काढली की ती फॉर्मलिनमध्ये टाकतात, नाहीतर सडेल. मग मेणात बसवतात. मग तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. केसाची जाडी याच्या कितीतरी पट. पण फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांत असं जखडून टाकतं की पताका झाकल्या जातात आणि अँटिबॉडीला त्या सापडत नाहीत. काही खुणा ऑक्सफर्डच्या टेलर आणि बर्न्स यांनी १९७४ सालीच मेणाच्या कापांवर दाखवल्या होत्या, पण बहुतेकांसाठी ताजा, गोठवलेला तुकडा लागायचा. ताजा तुकडा गोठवून जपणं परळला जमेल. ते तालुक्याला कसं जमायचं?

१९९१ साली अमेरिकेत शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी मार्ग काढला. १९४० च्या दशकातले फॉर्मलिन आणि प्रथिनांवरचे जुने निबंध चाळताना शी यांच्या लक्षात आलं की भरपूर उष्णता दिली तर ही जखडण काही अंशी सुटते. त्यांनी काच द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळली. पताका पुन्हा दिसू लागल्या. पुढे कुणीतरी प्रेशर कुकर वापरला, आणि तो आजही कितीतरी प्रयोगशाळांत वापरतात. शिट्टी होणारा, आपल्या स्वयंपाकघरात असतो तसाच. १८४५ साली मॅकबीनच्या लघवीचं प्रथिन उकळून ओळखलं गेलं. आता मेणातलं प्रथिनही उकळल्यावरच बोलतं.

याचा परिणाम केवढा! कपाटात वर्षानुवर्षं पडलेले मेणाचे ठोकळे वाचता येऊ लागले. त्यांना बर्फ लागत नाही, घाई लागत नाही. एसटीत, रेल्वेत, खिशात ते टिकतात. एका ठोकळ्यातून दहा काप काढायचे आणि दहा वेगळ्या अँटिबॉडी लावायच्या. जिथं चिकटते तिथं तपकिरी रंग येतो. बाकी सगळं निळं.

ल्युकेमियाला ही सवलत नाही. तिथं गाठ नसते, रक्त किंवा अस्थिमज्जा असते, आणि पेशी जिवंत असतानाच यंत्रातून जाव्या लागतात. फ्लो सायटोमीटर म्हणतात त्याला. पेशी एकामागोमाग एक लेझरपुढून जातात आणि प्रत्येकीवर कोणत्या पताका आहेत ते चमकीवरून मोजलं जातं. मज्जेची ती छोटी नळी एक-दोन दिवसांत पोचली नाही, उन्हात तापली, चुकून गोठली, तर पेशी मरतात आणि सुई पुन्हा कमरेच्या हाडात जाते. माझ्या ओळखीच्या एका घरात हे दोनदा घडलं. मूल सहा वर्षांचं होतं. कुणाची चूक, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून अंतराचा प्रश्न इथं नुसता सोयीचा राहत नाही. घाटीचं मेडिकल कॉलेज १९५६ पासून आहे, पण आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं २०१२ साली. तोवर मराठवाड्यातला माणूस, मीटरगेजच्या दिवसांत तर मनमाडला गाडी बदलून, परळला जायचा आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळतेय का ते बघायचा.

आणखी एक गोष्ट. या खुणा ओळखीपुरत्याच राहिल्या नाहीत. सीडी२० ला धरणारं रिटक्सिमॅब १९९७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. सीडी३० वर नेम धरणारं औषध २०११ साली आलं. आणि सीडी१९ वर हल्ला करायला रुग्णाच्याच टी पेशी शिकवून तयार करण्याचा भारतीय उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवला, त्याला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. हे औषध ल्युकेमियाच्या एका प्रकारावर, मेहेरबाईंच्या नव्वद-ब्याण्णव वर्षांनंतर.

*

आता तो रिपोर्ट पुन्हा वाचू. सीडी३० पॉझिटिव्ह आणि सीडी१५ पॉझिटिव्ह: ज्या मोठ्या पेशी दिसताहेत त्या घुबडीच आहेत. सीडी३ निगेटिव्ह: टी पेशींच्या नव्हेत. सीडी२० निगेटिव्ह, पण पॅक्स५ फिकट: मुळात बी पेशीच, पण आपल्या बऱ्याचशा पताका उतरवून बसलेल्या. जर्मनीत राल्फ क्युपर्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एकेक घुबडी पेशी उचलून तिची जनुकं तपासली, तेव्हा कुठं हे कूळ सिद्ध झालं. हॉजकिनच्या सात रुग्णांनंतर एकशे बासष्ट वर्षांनी.

म्हणजे हॉजकिन लिम्फोमा. टीबी नाही. टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. याची औषधं ठरलेली आहेत आणि बहुतेक तरुण रुग्ण त्यानं बरे होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काकांनी ते तीनदा विचारून घेतलं. सलाइनमधून द्यायची ती चार औषधं, पंधरा दिवसांनी एकदा, सहा महिने. ती इथंच, संभाजीनगरला झाली. पहाटेच्या एसटीनं यायचं, संध्याकाळी परत. केस गेले, पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे.

ठोकळा परत मिळाला. त्यातून इतके काप काढले आहेत की मेणातला तुकडा आता नखाएवढाच उरलाय. काकांनी तो त्याच रुमालात बांधून लोखंडी कपाटात ठेवला आहे, सातबारा आणि पीकविम्याच्या पावत्या आहेत त्या पिशवीत. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं, वाणी, उंदीर, कुकर, पॅरिस. कुकरचं ऐकून मावशी आतून बाहेर आली.

"किती शिट्ट्या करतेत?" तिनं विचारलं.